पहिलीला बाई पाहिजे

१४ नोव्हेंबर १९६०, सोमवार

हिशोबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरी राहतात. फुकट जाऊ नयेत म्हणून आजपासून तिथे थोडं लिहायचं ठरवलं. पुढून तेल-मीठ, मागून मी.

आज लिहिण्यासारखं घडलंही. जयाला शाळेत सोडायला गेले तर फाटकाशी सगळ्या आया थांबलेल्या. सिस्टरांची शाळा म्हणजे आमच्या भिलाईच्या सेक्टर दोनमधली दोन क्वार्टरं, मधली भिंत पाडून एक केलेली, पहिली ते चौथी. पहिलीच्या मिस फिलोमिना लग्नासाठी शनिवारी जबलपूरला गेल्या, त्या आता परत येणार नाहीत. मोठ्या सिस्टर अ‍ॅग्नेस केरळच्या. त्यांच्या हिंदीत बाईचा बुवा होतो आणि बुवाची बाई. त्या म्हणाल्या, "कोई माँ दो दिन बैठेगा क्या, बच्चा लोग के साथ?"

सगळ्या आपापल्या चपलांकडे बघू लागल्या. मीसुद्धा. तेवढ्यात शेजारच्या रंभाने मागून असा ढोसा दिला की मी दोन पावलं पुढेच गेले.

"हे बसेगी ना, सिस्टर! मॅट्रिक है. भंडाऱ्याची है. घरी का करते दिवसभर, हिशोब लिहिते."

झालं. बसले.

सिस्टरांनी नंतर बाजूला घेऊन खरी गोष्ट सांगितली. बावीस डिसेंबरला वर्षअखेरचा कार्यक्रम आहे. नागपूरहून या सिस्टरांच्या प्रमुख, मदर, येणार. तोपर्यंत बाई मिळाली नाही तर जानेवारीपासून पहिलीचा वर्ग बंद. पोलादाच्या प्लांटच्या शाळांत जागा नाही. म्हणजे जयाचं आणि तिच्यासारख्या बेचाळीस जणांचं वर्ष गेलं. सांगताना सिस्टर कुलपाची किल्ली एकसारखी फिरवत होत्या.

संध्याकाळी दिवा लावून देवीला सांगितलं, या वर्गाला चांगली बाई मी शोधून देईन. तुझी साथ असू दे. तोवर दोन दिवस मुलं सांभाळायला काय जातं!

१७ नोव्हेंबर, गुरुवार

दोनाचे चार दिवस झाले. घसा बसला.

वर्गात सगळा देश भरला आहे. तेलगू, बंगाली, पंजाबी, मल्याळी, इथली छत्तीसगढी मुलं, आणि आपल्या भंडारा-गोंदियाकडची. हरबन्सला मराठी कळत नाही, चंपाला हिंदी कळत नाही, आणि मला दोघांना एकाच वेळी गप्प करता येत नाही. मिस फिलोमिना इंग्रजी गाणी म्हणून घ्यायच्या. मला एकच इंग्रजी कविता पाठ आहे, मॅट्रिकची, आणि ती मरणावर आहे.

आज तर लाजच वाटली. घरचे तांदूळ निवडायचे राहिले होते. रेशनचे तांदूळ, त्यात तांदूळ कमी. पिशवी बरोबर नेली, म्हटलं मधल्या सुट्टीत निवडीन. मुलं भोवती गोळा झाली. "हम भी, हम भी!" मग प्रत्येकाच्या पाटीवर मूठभर दिले. दहा खडे झाले की एक ढीग, दहा ढीग झाले की शंभर. आधी आपापल्या घरच्या भाषेत मोजा, मग हिंदीत, मग इंग्रजीत. मुलं इतकी गप्प की बाहेर पाण्याचा टँकर गेला तोही ऐकू आला. चंपाने तीन भाषांत वीसपर्यंत मोजलं, एक भाषा तिने हरबन्सकडून उचलली.

आणि मान वर करून बघते तो खिडकीत सिस्टर! किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मी पटकन पिशवी पदराखाली घेतली. त्या हसल्या आणि गेल्या. परक्यांच्या लेकरांकडून घरचे तांदूळ निवडून घेतले, तेही शाळेच्या वेळात! बाई लवकर मिळायला हवी.

तांदूळ मात्र लखलखीत निघाले.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षाचा पहिला गुरुवार. पहाटे कलश मांडला, पोथी वाचली, उपास धरला, आणि मग शाळा.

दुपारी बाईच्या शोधात निघाले. सेक्टर चारमध्ये एका ओव्हरसियरची बायको बी.ए. आहे असं कळलं होतं. चांगल्या आहेत, बसायला खुर्ची दिली. मुलं किती विचारलं. त्रेचाळीस म्हटल्यावर त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. दुसऱ्या एक मद्रासकडच्या बाई म्हणाल्या, शिकवीन, पण फक्त गाणं, आणि तेही चार मुलींना.

मग आठवली ललिता. यांची चुलत बहीण, गोंदियाला असते, नॉर्मल स्कूलमधून मास्तरकी शिकलेली, बिनलग्नाची, धीट. आजच पोस्टकार्ड टाकलं. लिहिलं, "शाळा चांगली, सिस्टर देवमाणूस, मुलं गुणाची." गुणाची लिहिताना हात जरा थांबला होता, पण एकाच वाक्यापुरता.

सिस्टरांना सांगितलं, की मी बाई शोधते आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी मल्याळममध्ये बोलले. मग म्हणाल्या, "अच्छा. ढूँढो. कल कौन सा गिनती करेगा?"

३ डिसेंबर, शनिवार

यांचं काही कळेनासं झालं आहे.

हे प्लांटमध्ये क्रेनवर आहेत. जनरल शिफ्ट मिळावी म्हणून मागच्या वर्षी किती धडपडले, आणि आता रंभाच्या नवऱ्याशी, भैयालालशी बोलून आपणहून सेकंड शिफ्ट घेतली. दुपारी दोनला जातात. मी कारण विचारलं तर म्हणाले, "सेकंडमधी गर्मी कमी लागते."

डिसेंबरात गर्मी!

मी सकाळी शाळेत असते तेव्हा हे घरी. म्हणजे दोघांनी एकमेकांचं तोंड बघू नये अशी सोय. घरी आले की पाणी भरलेलं असतं, वरण शिजलेलं असतं. एक अक्षर बोलत नाहीत. रागावलेला माणूसच असं न बोलता काम करतो. माझे वडील रागावले की विहिरीचं सगळं पाणी उपसायचे.

रंभाही सांगून गेली, "माहे हे म्हणत होते, तुहा नवरा क्रेनवरून उतरला का ज्याले त्याले सांगत सुटते, 'आमची बाई शाळेत असते.' चार वेळा ऐकलं म्हणे त्याईनं."

म्हणजे प्लांटभर गाऱ्हाणं चाललं आहे. मला तोंडावर बोलायचं ना!

आज सिमेंटच्या रिकाम्या कागदी पिशव्यांचा गठ्ठा घेऊन आले. झटकून, चौकोनी कापून, दाभणाने शिवून ठेवला. "फेकून देऊन राहिले होते. तुह्या पोट्ट्यायले चित्रं काढाले होईल," म्हणाले आणि लगेच अंघोळीला गेले. राग असला तरी काटकसर सोडली नाही, एवढं बरं.

८ डिसेंबर, गुरुवार

तिसरा गुरुवार. सिस्टरांचाही आज मरियम मातेचा सण. त्यांनी केकचा तुकडा पुढे केला. मी म्हटलं, उपास आहे, देवीचा. त्या म्हणाल्या, "हमारा भी देवी का दिन है आज. कोई बात नहीं, कल खाओ." आणि कागदात गुंडाळून दिला. अंड्याचा असणार. रात्री यांना दिला, जयाला दिला. दोघांनी बोटं चाटली.

रंभा मात्र बोलायचं सोडत नाही. नळावर चार बायकांत म्हणाली, "आज केक खाल्ला, उद्या गळ्यात क्रूस घालून येशील वो. मंग तुह्या कलशाचं का? त्याच्यावर मेणबत्ती लावशील?"

मी हसण्यावारी नेलं, पण मनात राहिलं ते राहिलंच. शाळेत सकाळी प्रार्थना होते तेव्हा सगळे हात जोडतात, मीही जोडते. मनात देवीचं नाव घेते. हे बरोबर की चूक? घरी आल्यावर देवीसमोर बसून खूप वेळ विचार केला. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. रागावली असती तर दिसलं असतं.

पुढच्या गुरुवारी उद्यापन. सवाष्णी बोलवायच्या आहेत. मनात आलं, सिस्टरांना बोलवावं का? रंभा म्हणाली, "कुवाऱ्या असतात त्या. कुवारणीची कुठं ओटी भरतात का?"

बरोबर वाटलं. पण सिस्टरांच्या बोटात अंगठी आहे, साधी, चांदीची. संध्याकाळी परत शाळेकडे जाऊन धीर करून विचारलंच. त्यांनी हात पुढे केला, "शादी हो गया ना हमारा. यीशु के साथ."

येताना रस्ताभर हिशोब केला. लग्न झालं आहे. नवरा देव. देवाला मरण नाही. मग यांच्याइतकी अखंड सौभाग्यवती अख्ख्या भिलाईत दुसरी कोण? आम्ही सगळ्या देवीला जे मागतो ते यांना मिळालेलंच आहे.

रंभाला सांगितलं. तिने डोक्यावरची घागर खाली उतरवली. मग म्हणाली, "बाप्पा! मंग तं पहिली ओटी तिचीच."

१५ डिसेंबर, गुरुवार

उद्यापन पार पडलं. देवीची कृपा.

सिस्टर अ‍ॅग्नेस आल्या. पांढऱ्या झग्यात, चपला दाराबाहेर काढून. पाटावर बसल्या, पण पाटावर कसं बसतात हे माहीत नसल्याने आधी गुडघे टेकले, मग एकीकडे कलंडल्या, शेवटी रंभाने धरून बसवल्या. मी हळद-कुंकू पुढे केलं. क्षणभर थबकल्या. कपाळाला लावू की नको, मलाही कळेना. त्यांनी हसून तळहात पुढे केला, मी तळहातावर बोट टेकवलं. ओटीत नारळ, तांदूळ, खण. पदर नाही, मग ओटी कशात घ्यायची? त्यांनी झग्याचा घेर पसरला.

"ये किसके लिए?"

मी म्हटलं, "आपका सुहाग अमर है, इसलिए."

सिस्टर इतक्या हसल्या की नारळ घेरातून सुटून पलंगाखाली गेला. पण हसू थांबल्यावर त्यांनी नारळ दोन्ही हातांनी उचलून घेतला आणि किती वेळ तसाच धरून ठेवला. "केरल में माँ ऐसा देता था," म्हणाल्या. घर सोडून त्यांना अठरा वर्षं झाली.

जेवणाच्या वेळी मी आत पुऱ्या तळत होते. यांची आज सुट्टी, बाहेरच्या खोलीत सिस्टर आणि हे बोलत होते. तळण्याच्या आवाजात काही ऐकू येईना. एकदा हे मोठ्याने म्हणाले, "मुझे क्या पूछते, सिस्टर? उसी को पूछो ना." आणि सिस्टर म्हणाल्या, "पहले मदर."

मी ओळखलं. बासुंदी आवडलेली दिसते, कशी करतात ते विचारत असणार, आणि नागपूरच्या मदरलाही करून घालायची असणार. यांना काय सांगता येणार बासुंदीचं! सिस्टर निघाल्या तेव्हा मी कृती कागदावर लिहून तयार ठेवली होती. दूध आटवताना तळाला लागू देऊ नका, असं खाली रेघ ओढून लिहिलं. त्यांनी कागद वाचला, यांच्याकडे पाहिलं, यांनी छताकडे पाहिलं.

कधी नव्हे ते हे रात्री शीळ घालत होते. राग गेला वाटतं.

१९ डिसेंबर, सोमवार

काल ललिता आली. गोंदियाहून गाडी चार तास उशिरा, केसांत कोळशाची राख, हातात पत्र्याची पेटी, तरी दारातून ओरडलीच, "वहिनी, तुहं भिलाई तं लालच लाल आहे वो! मुरूम खाऊन राहतां का तुमी?"

आज तिला शाळेत नेलं. म्हटलं, दिवसभर वर्गात मागे बस, मुलं बघ, काय कसं चालतं ते समजून घे. ती मागच्या पाटावर बसली. मी नेहमीचंच घेतलं. सकाळी हजेरी, म्हणजे प्रत्येकाने घरी काय खाल्लं ते आपल्या भाषेत सांगायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. मग तांदूळ. (आता मुलंच घरून आणतात. रंभाने तर पाच शेर पाठवले. तिचं बरं फावलं आहे.) मग सिमेंटच्या कागदावर चुलीतल्या कोळशाने चित्रं. हरबन्सने क्रेन काढली आणि वर बसलेल्या माणसाला पगडी घातली. जया भांडली, "मेरे बाबा टोपी पहनते!" मी चित्रातल्या क्रेनवर दोन माणसं बसवली, एक पगडी, एक टोपी.

ललिता पूर्ण वेळ पदर तोंडाला लावून हसत होती. मुलं तिला आवडली नाहीत की काय, या काळजीने मी घामाघूम.

मधल्या सुट्टीत सिस्टरांनी तिला आत बोलावलं. आली ती डोळे पुसत.

"का झालं वो?"

"जागा भरली म्हणते सिस्टर."

मी तिचा हात धरला. "कधी? कोणाले घेतलं?"

"नाव सांगू नको म्हणलं मले." आणि पुन्हा हसायला लागली. "वहिनी, तू मले गोंदियावरून कावून बोलावलं वो! तुले दिसत नाही का काई?"

बिचारी. एवढ्या लांबून आली, जागा गेली, आणि दुःख लपवायला हसते आहे. घरी आल्यावर तिला साजूक तुपातला शिरा करून घातला. महिन्याचं तूप संपलं. पण मीच बोलावलं होतं तिला, माझीच चूक. हे घरी आले तेव्हा ललिताने त्यांच्या कानात काही सांगितलं आणि दोघं भाऊ-बहीण ओट्यावर बसून पोट धरून हसले. आमच्या सासरची माणसं दुःखात अशीच वागतात, लग्नापासून बघते आहे.

झोपण्याआधी देवीला म्हटलं, तू बाई दिलीस, वर्ग वाचला, जयाचं वर्ष वाचलं. मागितलं ते दिलंस. मग मला आनंद का होत नाही?

२० डिसेंबर, मंगळवार

कोण असेल ती बाई? मिशनचीच असेल, स्कर्ट घालणारी, इंग्रजी बोलणारी. हुशार असेल. असू दे. पण तिला काय माहीत?

तिला काय माहीत की चंपाला एकदम उभं करून विचारलं तर ती घाबरते, दुसऱ्याला विचारताना तिच्याकडे नुसतं पाहिलं की ती आपणहून सांगते. हरबन्सला पुढे बसवू नये, खिडकीपाशी बसवावं, त्याचा बाप ट्रकवर आहे, ट्रक गेला की एकदा बघू द्यावं म्हणजे मग तासभर शहाण्यासारखा बसतो. बंगाली जुळ्या बहिणींना वेगळं करू नये. उपमन्यू नावाचा मुलगा दर सोमवारी रडतो कारण रविवारी वडील घरी असतात आणि सोमवारी नसतात. त्याला रागवू नये, त्याला तांदूळ द्यावे.

हे सगळं आज पाठकोऱ्या कागदावर लिहिलं. चार बाजू भरल्या. खाली लिहिलं, "नव्या बाईंस नमस्कार. मुलं गुणाची आहेत." या वेळी हात थांबला नाही.

सिस्टरांना नेऊन दिलं, म्हटलं, नई टीचर को दे देना. मराठी आहे, पण कोणी वाचून दाखवेल. सिस्टरांनी चौथीतल्या एका मराठी मुलीला बोलावून वाचायला लावलं आणि ती अडखळत हिंदीत सांगत गेली. ऐकता ऐकता सिस्टरांनी चष्मा काढून पुसला. त्यांना सर्दी झालेली दिसते, थंडी फार आहे. मग कागद घडी करून माझ्याच हातात दिला.

"तुम रखो. दो जनवरी को काम आएगा."

दोन जानेवारीला मी काय करू त्याचं? त्या दिवशी नवी बाई येणार. माझ्या हाताने द्यावं असं असेल त्यांच्या मनात. मोठ्या मनाच्या आहेत, पण माझ्या मनाचा विचार करायचा थोडा.

दुपारी गव्हाण मांडायचं काम होतं. येशूच्या जन्माचा गोठा. तो पहिलीने करायचा असं ठरलं होतं. सिमेंटच्या पिशव्या चुरगळून डोंगर केला. गोठा म्हटल्यावर आमच्याकडच्या पोरांनी घरून तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल आणले, चाकांचे, शिंगांना बेगड लावलेले. एकवीस बैल झाले. सिस्टर म्हणाल्या, एकच बैल लागतो. मी म्हटलं, मग वीस जणांनी रडत घरी जायचं का? राहिले सगळे.

बाळाची जागा मात्र रिकामी. बाळ चोवीस तारखेला रात्री ठेवतात. म्हणजे अजून जन्म व्हायचा आहे. जन्माआधी बाळासाठी नवीन शिवत नाहीत, म्हणून जयाच्या जुन्या फ्लॅनेलच्या झबल्याची कुंची शिवली आणि गवतावर ठेवून दिली. बाजूला मातीची छोटी शेगडी. डिसेंबरात गोठ्यात बाळंत होणार ती बाई, शेक तर लागेलच.

२२ डिसेंबर, गुरुवार

आजचं नीट लिहिते. 

अंगणात कनात लावली होती. सगळी माणसं आली. प्लांटमधले, बायका, लेकरं, प्लांटच्या कामाला आलेलं, पुढच्या गल्लीतलं एक रशियन जोडपंही, त्यांनी बैलांचे फोटो काढले. हे मागे उभे, अंगावर इस्त्रीचा शर्ट, जो लग्नसराईशिवाय निघत नाही. ललिता आणि रंभा एकमेकींना कोपराने ढोसत होत्या.

मदर आल्या. म्हाताऱ्या, ठेंगण्या, पांढऱ्या झग्यात. सगळ्यांना वाटलं आता इंग्रजी भाषण होणार. त्या गव्हाणीपुढे थांबल्या. बैलांवरून नजर फिरवली. कुंची उचलून बघितली. शेगडीला हात लावला.

"हे शेगडी कोणं ठेवली वो?"

अस्सल नागपूरची मराठी! अंगण सगळं चकित. मागाहून कळलं, त्यांचे वडील नागपूरला रेल्वेत होते.

मी पुढे होऊन म्हटलं, "मी. थंडी आहे म्हणून."

"पन्नास वर्षं झाली, मी गव्हाणी पाहून राहिली," मदर म्हणाल्या. "त्या माउलीले थंडी वाजत असन, हे आतापावतर कोणाच्या ध्यानात नाही आलं."

मग सगळ्या वर्गांचे कार्यक्रम झाले. पहिलीने शंभरपर्यंत मोजून दाखवलं, सहा भाषांत, दहा-दहा प्रत्येकी, शेवटचे चाळीस सगळ्यांनी मिळून. एकदाही चुकले नाहीत. मी तोंडाने मोजत होते आणि मनात म्हणत होते, हे नव्या बाईला आयतं मिळणार.

मदर उभ्या राहिल्या. "आता मले सांगा, पहिलीच्या बाई कोणत्या?"

मीही मान वळवून फाटकाकडे पाहिलं. म्हटलं, आली वाटतं. फाटकात कोणी नव्हतं. पुन्हा समोर बघते तर त्रेचाळीस मुलांची त्रेचाळीस बोटं माझ्याकडे.

"मी नव्हे," मी म्हटलं. "मी जयाची आई."

अंगणभर हसू पिकलं. रशियन बाईसुद्धा हसली, तिला काय कळलं कोण जाणे.

मदर म्हणाल्या, "जानेवारीपासून पहिलीच्या पक्क्या बाई तुमीच. सिस्टरनं महिनाभरापासून चार पत्रं लिहिली मले. तांदुळाचं, खड्याचं, सगळं माहीत आहे."

डोक्यात एकदम सगळं उलटंसुलटं झालं. खिडकीतल्या सिस्टर. यांची सेकंड शिफ्ट. ललिताचं हसणं. सगळ्यांना ठाऊक होतं. भैयालालला ठाऊक होतं. मग मला जो राग आला! आयुष्यात चार माणसांत कधी आवाज चढवला नाही, तो आज चढवला.

"पण मला कोणी विचारलं?"

सिस्टरांनी यांच्याकडे पाहिलं. हे मागून म्हणाले, "म्या तं म्हणलोच होतो, तिलेच विचारा म्हणून." म्हणजे पुऱ्यांच्या वेळी ते बासुंदीचं नव्हतं! आणि मी कृती लिहून दिली, खाली रेघ ओढून! 

सिस्टर पुढे आल्या. "गलती हमारा. मदर ना बोला तो तुम्हारा मन टूटेगा, इसलिए नहीं बोला."

"बराबर आहे त्याईचं म्हणणं," मदर म्हणाल्या, त्याईचं म्हणजे माझं. "चुकलं आमचं. आता विचारतो. अन्नपूर्णाबाई, शिकवाल का या पोट्ट्यायले?"

मी म्हटलं, "माझं कुंकू राहील."

"कपाळ तुमचं. आमाले फळ्यावरचं पाहिजे."

"सकाळच्या प्रार्थनेला मी हात जोडते, पण मनात आमच्या देवीचं नाव घेते. आधीच सांगते."

मदर म्हणाल्या, "मनातलं ऐकाले म्या काही शाळातपासनीस नाही. ते ज्याचं त्याले जाते."

"गुरुवारी उपास असतो."

"उपाशी पोटी आवाज निघते का?"

मी तोंड उघडायच्या आत अख्खी पहिली ओरडली, "बहुत निकलता है!"

मग मी हो म्हटलं. अजून दोन-तीन गोष्टी विचारायच्या होत्या, पण हो आधी निघून गेलं.

२४ डिसेंबर, शनिवार

ललिता आज गोंदियाला परत गेली. जाताना म्हणाली, भिलाई फुकटात पाहिली, शिरा खाल्ला, असं बोलावणं दरवर्षी धाडजो. रंभाने आपल्या धाकट्याचं नाव जुलैला पहिलीत घालायचं ठरवलं आहे. वर म्हणते, "घरचीच बाई आहे, मारलं तरी चालते." मी मारत नाही म्हटल्यावर थोडी हिरमुसली.

संध्याकाळी सिस्टरांकडे जायचं आहे, बाळाला कुंची मीच घालायची असं त्यांचं म्हणणं. देवीला सांगून ठेवलं आहे.

दोन तारखेपासून मला साडेसातला शाळेत हजर राहायचं. स्वयंपाक, पूजा, डबा, जयाची तयारी, एवढं सगळं कसं बसवायचं याचा काल कागदावर मेळ घालत बसले होते. बसेना. हे बाजूला उभे राहून बघत होते. म्हणाले, "वेणी म्या घालतो पोरीची."

मी म्हटलं, तुम्हाला येते?

"वीस टनाचा लोखंडाचा गोळा उचलून सुईच्या नेमानं ठेवतो. वेणी का जड आहे?"

आज सकाळपासून ओट्यावर सराव चालू आहे. जया पुढ्यात बसली आहे, यांच्या दातांत रिबीन. "हलू नको... हलू नको म्हणलं ना बाई... तिसरा पेड कुठं गेला?" जया आरशात बघून रडकुंडीला आली आहे. एक वेणी कानाच्या वर निघाली आहे, दुसरी खाली, आणि मधल्या भांगाने तीन वळणं घेतली आहेत. मी दारातून बघून आले. 

शिकतील.